मे महिन्यातला रबर कोट: बेस्यातल्या एका स्विफ्टच्या चार चाकांचं प्रकरण

डबे एकाच दुकानातले होते, हात एकाच माणसाचा आणि दिवसही एकच. तरी महिना पुरा व्हायच्या आत चार चाकांच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा झाल्या. मागची दोन्ही चाकं गुळगुळीत, काळीभोर राहिली. समोरचं उजवं चाक हाताला एमरी पेपरसारखं खरखरीत लागत होतं आणि त्यावरचे तुकडे जागोजागी उडाले होते. समोरच्या डाव्या चाकाचा कोट लांबून छान दिसे, पण टायरला लागून असलेल्या कडेपासून तो सुटला होता आणि त्याची झालर लोंबत होती.

गाडी माझ्या भाच्याची, पांढरी स्विफ्ट. तो नागपूरला लागून असलेल्या बेस्याला राहतो. साध्या लोखंडी रिंगा, वरची प्लास्टिकची व्हीलकव्हरं एकेक करून तुटलेली, आणि खालून गंज डोकावणारा. नव्या अलॉयचा खर्च त्याला नको होता. फवारून लावायचा रबर कोट त्याने कुठेतरी पाहिला होता: मॅट काळा रंग मारायचा, कंटाळा आला की सोलून काढायचा, मूळ रंग खाली शाबूत. कल्पना वाईट नव्हती. काम बिघडल्यावर तो मला म्हणाला, "मामा, डबे डुप्लिकेट निघाले वाटते." शेजारच्या काकाजींचं निदान वेगळं होतं: ब्रेक तापतात, त्या उष्णतेने रबर वितळलं.

रंगाच्या आणि पावडर कोटिंगच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यावरून एक सांगतो. कोट बिघडला की डब्याला शिव्या देण्याआधी तो नेमका कुठून सुटला आणि कसा सुटला हे बघावं. थर स्वतःच सांगतो. या गाडीच्या बाबतीत दोन्ही निदानं चुकीची होती, आणि दोन्ही समोरच्या चाकांचा दोषही एक नव्हता.

आधी हा पदार्थ काय आहे ते पाहू. जगभर त्याला 'प्लास्टी डिप' या नावानेच ओळखतात. ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका कंपनीच्या मालाचं नाव आहे, पण आता तशा बऱ्याच कंपन्यांचे डबे मिळतात. डब्यात कृत्रिम रबर पटकन उडणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं आणि ते बाहेर ढकलायला दाबाखालचा ज्वलनशील वायू असतो. थेंब पृष्ठभागावर ओले पडतात, एकमेकांत मिसळतात, सॉल्व्हंट उडून जातं आणि रबराची सलग कातडी मागे राहते. साधा ऑटोमोटिव्ह रंग पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो. ही कातडी मुद्दामच हलकी धरते, कारण ती पुढे सोलायची असते. तिचा सगळा जोर स्वतःच्या सलगपणात असतो. म्हणून दोन गोष्टी साधाव्याच लागतात: थर अखंड हवा आणि जाड हवा. गाडीच्या मूळ रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. सोलता येणारा रबर कोट निदान तेवढा तरी जाड असावा. पातळ राहिला तर तो सोलताना नखाएवढ्या तुकड्यांनी निघतो आणि माणूस रडकुंडीला येतो.

आता तो दिवस. मे महिन्याचा शेवट, नवतपा, म्हणजे भर उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागलेला. नागपूरचा उन्हाळा काय असतो हे नागपूरकरांना सांगायला नको. २०१३ सालच्या २३ मे रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि एरवीही मेअखेरीस ४५ अंश म्हणजे कोणी बातमी म्हणून वाचत नाही. भाच्याने सकाळी सहालाच काम काढलं, ते शहाणपणाचं होतं. पण त्याचा पोर्च आखूड आहे. गाडी आत घातली की मागचा भाग स्लॅबखाली येतो आणि समोरचा अंगणात उघडा राहतो. आधी त्याने मागची दोन चाकं केली, निवांत, सावलीत. नंतर समोरचं डावं, कंपाउंडच्या भिंतीची सावली होती तोवर. मध्ये चहा-नाश्ता, थरांमधलं थांबणं, कोणाचा तरी फोन. समोरच्या उजव्या चाकाला हात घातला तेव्हा बारा वाजत आले होते.

२६ मेच्या आसपास नागपुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी जाते. म्हणजे त्या वेळी भिंत कितीही उंच असली तरी तिच्या सावलीचा उपयोग नाही. उन्हात तासभर पडलेलं काळपट लोखंड हाताला चटका देतं. त्यावर सॉल्व्हंट टिकणार किती वेळ? शिवाय उरलेले डबेही तिथेच फरशीवर उन्हात उभे होते. अशा प्रत्येक डब्यावर इशारा छापलेला असतो की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. नागपूरच्या उन्हात बंद गाडीच्या आत किंवा तापलेल्या फरशीवर ५० गाठायला काही लागत नाही. तापलेल्या डब्यात दाब वाढतो, फवारा जोरात आणि बारीक निघतो. रंग ओघळेल या भीतीने भाच्याने हात मागे घेतला आणि फूट-दीड फुटावरून मारलं. थेंब हवेतच अर्धे वाळले. लोखंडावर पोहोचले ते ओले थेंब नव्हते, रबराचे कोरडे कण होते. ते शेजारी शेजारी चिकटले, एकमेकांत मिसळले नाहीत. आमच्या धंद्यात याला ड्राय स्प्रे म्हणतात.

त्याची परीक्षा सोपी आहे. बोट घासलं की काळी भुकटी हाताला येते. उजव्या चाकावर ती आली, मागच्या चाकांवर नाही. डबा डुप्लिकेट असता तर सकाळी सात वाजताही तो डुप्लिकेटच राहिला असता. भाचा हे ऐकून थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे ऊनच डुप्लिकेट होतं म्हणा."

डाव्या चाकाचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण अशी चूक ऊन नसतानाही होते. तिथे थर सलग होता, पुरेसा जाड होता, फवारणी उत्तम होती. मी लोंबणारी झालर उलटी करून पाहिली. आतली बाजू चकचकीत आणि किंचित बुळबुळीत, कडेला तपकिरी रेघ. मग उघड्या पडलेल्या रिंगेवर स्वच्छ पाणी शिंपडलं. रिंगेच्या मधल्या भागात पाणी पसरलं. टायरलगतच्या दोन बोटांच्या पट्ट्यात मात्र त्याचे मणी झाले आणि घरंगळले. स्वच्छ धातूवर पाणी पसरतं, तेलकट जागेवर गोळा होतं. रंगकामातली ही फार जुनी तपासणी आहे आणि तिला पैसा लागत नाही. रंग लावण्याआधी प्रत्येकाने ती करावी, असा माझा आग्रह आहे.

तेलकटपणा एकाच चाकावर कुठून आला? विचारल्यावर कळलं की काही दिवसांपूर्वी तेच चाक पंक्चर झालं होतं. दुकानवाल्याकडे आम्ही गेलो. तो सरळ माणूस, त्याने लपवलं काही नाही. "साबणाचं पाणी, थोडं ग्रीस लावावंच लागते जी, नाही त टायर रिंगवर बसत नाही. अन् वरून पॉलिश मारून देतो, गिऱ्हाइकाले चांगलं वाटते." त्याचं काम त्याने बरोबरच केलं होतं. टायर पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉन हा रंगाचा जुना वैरी आहे. साध्या पाण्याने, नुसत्या शाम्पूने ते जात नाही. भाच्याने गाडी बोअरच्या पाण्याने धुतली आणि वाळू दिली. त्या जड पाण्याचे पांढुरके क्षार वर बसले ते वेगळेच. तपकिरी रेघ म्हणजे ब्रेकची धूळ. या गाडीला समोर डिस्क आणि मागे ड्रम आहेत. ब्रेक मारला की गाडीचा भार समोर झुकतो, म्हणून समोरचे ब्रेक जास्त काम करतात, आणि उघड्या डिस्कची लोहमिश्रित धूळ थेट रिंगेवर बसते. ड्रमची धूळ बरीचशी ड्रमच्या आतच राहते. मागची चाकं टिकली त्यात सावलीइतकाच या स्वच्छतेचाही वाटा होता.

राहिली काकाजींची शंका. अशा कोटची सहनशक्ती साधारण ९३ अंशांपर्यंत सांगितली जाते. डिस्क स्वतः त्याहून कितीतरी जास्त तापते, पण शहरातल्या चालवण्यात रिंगेच्या बाहेरच्या तोंडापर्यंत तेवढी उष्णता सहसा पोहोचत नाही. आणि उष्णतेने बिघाड झाला असता तर तो हबजवळ, मध्यभागी सुरू झाला असता आणि दोन्ही समोरच्या चाकांवर सारखा दिसला असता. इथे दोन्ही चाकांचा मध्य ठीक होता. काकाजींना मी चाकं दाखवली, त्यांनी वाकून पाहिलं आणि मान्य केलं.

आता ज्या गोष्टीने मला खरा घोर लावला ती सांगतो. तिचा रंगाच्या दर्जाशी संबंध नाही. पोर्चला लागून माझ्या बहिणीची खोली, आणि खोलीच्या खिडकीला बाहेरून लावलेला मोठा कूलर. उन्हाळाभर आमच्याकडे घरोघरी असतो तसा. कूलर बाहेरची हवा तिन्ही बाजूंच्या वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांमधून ओढतो आणि आत फेकतो. ताटीने हवा गार होते, धूळही थोडी अडते, पण सॉल्व्हंटची वाफ ताटी अडवू शकत नाही. म्हणजे चारेक हातांवर फवारा चालू असताना कूलर ती वाफ ओढून थेट खोलीत भरत होता, दारं-खिडक्या उन्हासाठी बंद. ताईला दुपारी डोकं दुखायला लागलं, मळमळलं. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून कांदा ठेवला, पन्हं दिलं. खिडकी उघडून कूलर बंद केल्यावर संध्याकाळपर्यंत तिला बरं वाटलं. कारण हेच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, उन्हानेही तसंच होतं. पण अशा डब्यांमध्ये टोल्यूइन, झायलीन, नॅफ्था अशा जातीची सॉल्व्हंट वापरतात आणि बंद खोलीत त्यांच्या वाफेने नेमकं हेच होतं. घरात दम्याचा माणूस किंवा लहान बाळ असतं तर?

शिवाय आगीचा धोका आहे. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. कूलरची जुनी मोटर, सैल प्लग, पोर्चच्या कोपऱ्यात लावलेली अगरबत्ती, काहीही पुरेसं आहे. म्हणून फवारणीच्या वेळी कूलर आणि त्याचा स्विच आधीच बंद हवा, आणि काम संपल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत तो बंदच राहावा. हे करायचं तर नवतप्यात ते शक्य नाही, कारण कूलरशिवाय घरात बसवत नाही. माझ्या मते मे महिन्यात हे काम घरी न करण्याचं पहिलं कारण हे आहे, ड्राय स्प्रे नंतर येतो. नाकाला भाच्याने एन-९५ मास्क लावला होता. तो धुळीचा मास्क आहे. कण अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो.

दुरुस्तीत डावं चाक सोपं होतं. थर जाड असल्याने झालर धरून ओढली आणि बहुतेक कातडी अखंड निघून आली. उजवं चाक हट्टी. कोरड्या कणांचा थर सोलता येत नाही, तो फक्त झडतो. यावर उपाय उलटा वाटतो पण चालतो: त्याच्यावरच आणखी चांगले ओले थर मारायचे. नवं सॉल्व्हंट जुन्या रबराला मऊ करतं, दोन्ही एकजीव होतात, आणि पूर्ण वाळल्यावर सगळं एकत्र सोलता येतं. कोपऱ्यात चिकटून राहिलेले अवशेष टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले.

खालचं लोखंड उघडं पडल्यावर गंजाचा मुद्दा समोर आला. इथे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. रबर कोट गंज झाकतो, थांबवत नाही. दगड लागून कुठे टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि कातडीखाली साचून राहतं, उघड्या लोखंडापेक्षा जास्त वेळ. पावसाळाभर तसं राहिलं तर सोलताना मूळ रंग शाबूत मिळेल हे विसरा. आधी वायर ब्रशने गंज काढणं, मग एमरी पेपर, मग प्राइमर आणि तो नीट कडक झाल्यावरच रबर. प्राइमर कच्चा राहिला तर पुढे सोलताना तोही कातडीबरोबर निघतो.

पावसाळ्यात आम्ही काम काढलं नाही, चाकं प्राइमरवरच फिरली. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वेगळाच दोष येतो. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि काळा थर दुधाळ पांढुरका होतो. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात, हवा कोरडी आणि ऊन सोसवण्याजोगं असताना पुन्हा हात घातला. नागपुरात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने बरे, आणि तेही सकाळी दव वाळल्यानंतर.

या वेळी चाकं उतरवली. जॅकवर गाडी तशीच ठेवायची नाही, खाली भक्कम स्टँड हवेतच. भांड्यांच्या साबणाने आणि ब्रशने दोनदा धुतलं, शेवटचं पाणी नळाचं घेतलं, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, आणि पाण्याच्या थेंबांची तपासणी सगळ्या कडेवर फिरून केली. दोन ठिकाणी मणी झाले, तिथे पुन्हा घासलं. टायर आणि रिंग यांच्या फटीत जुन्या कॅटमधले पत्ते गोलाकार खोचले. याहून चांगलं मास्किंग मला माहीत नाही. व्हॉल्व्हला टेप. डबा मिनिटभर हलवून, सहा ते आठ इंचांवरून पहिला थर मुद्दाम विरळ मारला, खालचं लोखंड दिसेल इतका. त्यावर पुढचे थर ओले, चमक येईल इतके पण ओघळणार नाहीत असे. प्रत्येक थरानंतर थांबायचं, घाई करायची नाही. शेवटचा थर ओला असतानाच पत्ते आणि टेप काढले. वाळल्यावर काढले तर कड फाटते, आणि फाटलेली कड म्हणजे पुढच्या झालरीची सुरुवात. रात्रभर चाकं हलवली नाहीत.

एका बाबतीत मात्र मी कुठलीही सवलत दिली नाही: नट बसतात त्या जागा आणि रिंगेची हबला टेकणारी मागची बाजू. तिथे रबराचा किंवा रंगाचा थर राहता कामा नये. नट घट्ट आवळला तरी तो मऊ थरावर आवळलेला असतो. गाडी चालली की थर दबतो, आवळ सैल होते आणि चाक डुगडुगायला लागतं. मे महिन्यात भाच्याने चाकं गाडीवर ठेवूनच फवारलं होतं. त्यामुळे मागची बाजू वाचली, पण नटांभोवती रबर भरलं होतं आणि पाना लावताना ते फाटलं होतं. या वेळी नटांच्या जागांमध्ये कागदाचे बोळे घट्ट बसवले, नंतर त्या जागा कोरड्या फडक्याने पुसून पाहिल्या. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे सांगितलेल्या जोराने, समोरासमोरच्या क्रमाने आवळले आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासले.

मे महिन्यात टिकलेल्या मागच्या चाकांपैकी एक दरम्यान बिघडलं होतं, तेही नमूद करायला हवं. पहिल्या पावसानंतर गाडी वॉशिंगला गेली. तिथल्या मुलाने खालून डिझेल मारलं आणि त्याच फडक्याने रिंगही पुसली. चमक येते म्हणून बरेच ठिकाणी असं करतात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांनी हे रबर मऊ पडतं, फुगतं. त्या चाकावर बोटांचे ठसे उमटले होते. आता भाचा गाडी धुवायला देताना आधीच सांगतो की चक्क्यांना डिझेल लावायचं नाही, साबणाचं पाणी पुरे.

काळ्या चाकांवर खूश होऊन त्याला बॉनेटही त्याच डब्याने काळं करायचं होतं. त्याला मी थांबवलं. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो आणि नोंदीतला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये येतो. चाकांच्या रंगाची आरसीवर नोंद नसते, त्यामुळे तिथे ती अडचण नाही.

नोव्हेंबरचा कोट पुढचा उन्हाळा काढून गेला. उजव्या मागच्या चाकावर फुटपाथला घासून एक टवका उडाला. तिथे कड साफ करून वरून दोन थर मारले आणि जोड दिसत नाही. पण त्याच चाकावर व्हॉल्व्हजवळ गंजाचा एक फोड कातडीखाली वर आलेला दिसतो. तिथला गंज आमच्याकडून पुरता निघाला नव्हता. पुढच्या हिवाळ्यात ते चाक सोलून पाहायचं ठरलं आहे. गंज वरवरचा असेल तर घासून, प्राइमर मारून पुन्हा रबर. लोखंड खड्डे पडण्याइतकं खाल्लं गेलं असेल तर आधी रिंग वापरण्यालायक आहे का ते तपासायचं, आणि असली तर चारही टायर उतरवून रिंगा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगला द्यायच्या. पावडर भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजली जाते, त्यामुळे ते काम घरी होत नाही आणि तो कोट सोलताही येत नाही. भाच्याला काळा रंग कायमचा हवा आहे का, हे त्याने तोवर ठरवायचं आहे.